आधी कान

दारूखान्यात फळ्याआधी हातोडा बोलतो.
सकाळी नऊला, जुन्या जहाजाच्या पोटावर: ठण.
माझी बालवाडी दोन गोदामांच्या मधे,
वर पत्रा, खाली सतरंजी, तिच्यावर एकवीस पोरं.
मी म्हणते, डोळे मिटा.
आत्ता जे ऐकलंत, त्याची सुरुवात कशाने झाली?
मुनव्वर म्हणतो, हातोड्याने.

बरोबरच आहे त्याचं.
मी पुन्हा विचारते, आणि तोंडात कशाने?

अकरा वर्षं मी तक्ता शिकवला.
क कमळाचा, ख खटाऱ्याचा,
पोरं सुरात म्हणायची, दाराबाहेर बघत.
एकदा कमळावर हात झाकला
आणि नुसत्या क वर बोट ठेवून विचारलं, हे काय?
आदिनाथ म्हणाला, कमळ.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'कप' लिहिला.
त्याने वाचलं: कमळ पतंग.
मी हसले. रात्री भांडी घासताना
हसू उतरलं.
कमळ कधी पाहिलं होतं त्याने? आणि मी तरी?

आता तक्ता कपाटामागे.
आता आम्ही पतंगाच्या कागदाची पट्टी
ओठांसमोर धरतो.
प म्हटलं, कागद जरासा हलला.
फ म्हटलं, फडफडला.
ब म्हटलं, ढिम्म.
शिफा म्हणाली, ब मध्ये दमच नाही टीचर.

शब्दाचा पुढचा दात पाडायचा, हाही एक खेळ.
गायमधला ग पाडा. आय!
हेमांगी दाराकडे बघते, आय आली की काय.
वीटमधला व पाडा. ईट.
गुड्डू उठून उभा: टीचर, ये तो फिर भी वहीच है!
व गेला, वीट तशीच राहिली,
भिंत काही पडली नाही.

ळ ला मात्र सगळे अडतात.
शाला, म्हणतो गुड्डू. फला, म्हणते शिफा.
जीभ उलटी वळवा, टाळूला टेकवा, सोडा.
जिभा वळतात, थुंकी उडते, ळ येत नाही.
सेल्वी जूनपासून गप्प होती.
रजिस्टरात तिच्यापुढे मीच लिहिलं होतं: भाषा येत नाही.
तिने पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं,
पळ्ळी.
काय गं?
पळ्ळी. आणि बोट सतरंजीकडे, भिंतींकडे, माझ्याकडे.
तिच्या तमिळमध्ये, शाळा.
इतका सुरेख ळ, तोही एकावर एक,
माझ्या आईच्या तोंडीसुद्धा नव्हता.
मग आठवडाभर तीच बाई, आम्ही पोरं.
रजिस्टरातली ओळ मी खोडली. शाई पसरली.

शनिवारी तिचा बाप आला, मुरुगेसन.
गॅसकटरवाला, बोटं काळी, एक भुवई जळकी.
वही दाखवा म्हणाला. चार महिने झाले, एक अक्षर नाही?
मी माझं पाठ झालेलं वाक्य म्हटलं:
डोळ्याआधी कान, भाऊ. आधी कान तयार होऊ दे.
तो पुढे झुकला. काय?
कान, मी म्हटलं.
जोरात बोला बाई, यार्डात गेले दोन्ही.

पुढचं वाक्य मला सुचलं नाही.

सेल्वीने त्याचा हात ओढला,
स्वतःच्या गळ्यावर ठेवला,
ओठ मिटले आणि म सुरू केला.
लांब. श्वास संपेपर्यंत.
मग दात जुळवून स. हात गळ्यावरच.
त्याने मान हलवली: काही नाही.
पुन्हा म.
जळकी भुवई वर गेली, जितकी उरली होती तितकी.

बाहेर कुणीतरी घण घातला.
मागच्या भिंतीपाशी मुनव्वर,
ज्याला घरी न्यायला अजून कुणी आलं नव्हतं,
डोळे मिटूनच म्हणाला, ठ.